कॅप बसवलेले दात आणि क्लॅरिनेटचा माउथपीस

तीन वर्षांपूर्वी माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांना कॅप बसवाव्या लागल्या. काम नेटके झाले होते, आरशात नवे दात जुन्यांपेक्षा देखणे दिसत होते आणि भाकरीचा तुकडा तोडताना काहीच अडचण जाणवत नव्हती. पंधरा दिवसांनी क्लॅरिनेट जोडून तोंडाला लावले, तेव्हा मात्र ते परक्याचे वाद्य वाटू लागले. खालचे सूर निघत होते. पण रजिस्टर की, म्हणजे वरच्या टप्प्यातले सूर काढणारी चावी, दाबून वर गेलो, की दर तिसरा-चौथा सूर चिरकत होता, आणि अर्ध्या तासात खालचा ओठ असा दुखू लागला, की शिकायला लागलो तेव्हाच्या पहिल्या महिन्याची आठवण झाली. ज्या माउथपीसवर मी बावीस वर्षे वाजवत आलो होतो, तो होता तसाच होता. दात मिलिमीटरभराने लांब झाले होते आणि त्यांचा कोन किंचित बदलला होता, एवढेच.

त्यानंतरचे जवळपास दीड वर्ष मी नवा माउथपीस शोधण्यात घालवले. त्या काळात एक वही ठेवली होती आणि तिच्या आधारानेच हे लिहीत आहे. मी व्यावसायिक वादक नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा भजनाच्या आणि नाट्यसंगीताच्या बैठकीत पेटीबरोबर वाजवतो. हे आधीच सांगितलेले बरे, कारण सिंफनी ऑर्केस्ट्रात बसणाऱ्या वादकाची गरज आणि माझी गरज एक नाही, आणि माउथपीसविषयी मिळणारा बहुतेक सल्ला देणाऱ्याच्या गरजेतून आलेला असतो. माझे मत एवढेच, की माउथपीस दुकानात पहिल्या पाच मिनिटांत कसा वाजतो यावरून घेऊ नये. ओठ थकल्यावर दुसऱ्या तासात तो कसा वाजतो, यावरून घ्यावा. या मतापर्यंत पोहोचायला मला तीन माउथपीस आणि बरेच पैसे लागले.

ज्यांनी क्लॅरिनेट जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे. माउथपीस म्हणजे वाद्याच्या टोकाला बसणारा, चोचीसारखा निमुळता तुकडा. त्याची खालची बाजू सपाट असते. तिच्यावर रीड, म्हणजे एक पातळ पट्टी, ठेवायची आणि लिगेचर नावाच्या पट्ट्याने आवळायची. ही रीड दक्षिण फ्रान्समध्ये पिकणाऱ्या, आपल्याकडच्या बोरूची आठवण करून देणाऱ्या गवताच्या कांडापासून बनते. माउथपीसची ती सपाट पाठ टोकापर्यंत सपाट राहत नाही. रीडखालच्या उघड्या भोकाला खिडकी म्हणतात; तिच्या दोन्ही बाजूंच्या कडा शेवटचे सतरा-अठरा मिलिमीटर हलकेच वळत रीडपासून दूर जातात, आणि अगदी टोकाशी रीड व माउथपीस यांच्यामध्ये सुमारे एक मिलिमीटरची फट उरते. त्या फटीतून फुंक आत जाते, रीड त्या वळणावर उघडमीट करते आणि नाद जन्मतो.

हे वळण मला खऱ्या अर्थाने समजले ते मिरजेत. तिथे एका कारागिराकडे ओळखीच्या गायिकेच्या तंबोऱ्याची जवारी काढायला गेलो होतो. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिच्यावर नजरेला न दिसणारा उतार असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते आणि म्हणून तंबोरा बोलतो. कारागीर कानशीचा एक हात फिरवी, तार छेडी, पुन्हा एक हात फिरवी. गायिकेला खुली जवारी हवी होती, त्याच्या हाताला बंदची सवय होती, आणि तासाभराने दोघांनाही पटेल अशी जागा सापडली. माउथपीसच्या कडांवरचे वळण हे तेच काम करते. तार जशी घोडीवर, तशी रीड कडांवर टेकत-सुटत राहते. फरक एवढाच, की तंबोऱ्याची जवारी आपल्यासमोर आपल्यासाठी काढली जाते, आणि माउथपीसची जवारी कारखान्यातून कुणासाठी तरी काढून आलेली असते. ती आपल्या तोंडाला जुळते की नाही, हे आपण पाहायचे.

कंपन्या या वळणाची दोन मापे देतात: टोकाची फट आणि वळणाची लांबी. फट बहुधा मिलिमीटरच्या शतांशात सांगतात. विद्यार्थ्यांच्या वाद्याबरोबर येणाऱ्या यामाहाच्या ४सी माउथपीसची फट १.०५ मिलिमीटर असते. पॅरिसच्या व्हॅन्डोरेन कंपनीचा एम-१३ हा १.००५ चा, ५आरव्ही लायर १.०९ चा, एम-३० हा १.१५ चा आणि जगभर खपणारा बी-४५ हा १.१९५ चा. एम-१३ आणि बी-४५ यांच्यातला फरक ०.१९ मिलिमीटर, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाचे दोन ताव एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढा. आरेखक म्हणून आयुष्यभर मिलिमीटरशी खेळलो, तरी एवढ्या फरकाने वाद्याचा स्वभाव पालटेल, हे मला आधी खरे वाटले नव्हते.

पहिली चूक मी इथेच केली. आमच्याकडे लग्नाच्या वरातीत वाजवणारे एक बँडमास्तर आहेत. सत्तरी ओलांडलेली, पण क्लॅरिनेट असे वाजवतात, की ट्रम्पेट आणि ढोलांच्या गदारोळातून गाण्याची ओळ चौकातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. त्यांचा माउथपीस चांगलाच उघडा, १.२ मिलिमीटरच्या आसपासचा, आणि त्यावर दोन नंबरची मऊ रीड (नंबर जितका मोठा, तितकी रीड ताठ). मी तसाच मागवला. मास्तरांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “साहेब, हा रस्त्यावरचा आहे. तुम्ही तर गादीवर बसून वाजवणार.” मला वाटले, ते नम्रपणे बोलत आहेत. ते नेमके बोलत होते.

उघड्या माउथपीसवर मऊ रीड लावली, की ती मोठ्या अंतरातून झुलते, आवाज मोठा निघतो, आणि ओठांनी सूर खालीवर खेचता येतो. मींड घेणाऱ्याला, जाझ वाजवणाऱ्याला, वरातीत फिल्मी गाण्याची हरकत उठवणाऱ्याला हे सारे हवे असते. त्याची किंमत अशी, की प्रत्येक सूर ओठांनीच जागेवर धरून ठेवावा लागतो. मास्तरांच्या ओठांना पन्नास वर्षांची तालीम आहे. माझ्या बाबतीत पहिली वीस मिनिटे स्वर्ग होता. मींड तर अशी येत होती, की मी स्वतःवरच खूश झालो. वहीत मात्र पुढच्या नोंदी अशा आहेत: “३५ मिनिटे, वरचा पंचम उतरला.” “४० मिनिटे, मंद्रात वारा येतो.” “५० मिनिटे, थांबलो.” महिनाभरात एकदाही तास पूर्ण झाला नाही.

यामागचे कारण साधे आहे आणि ते कळले, की निम्मा गोंधळ संपतो. फुंकेचा दाब रीडला माउथपीसकडे ढकलत असतो. दाब वाढवत नेला, तर एका ठिकाणी रीड पूर्ण मिटते आणि आवाज बंद होतो. या मिटण्याच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांशाला वाद्य बोलू लागते, आणि वाजवणे म्हणजे त्या दोन टोकांच्या मध्ये राहणे. मिटण्याचा दाब दोन गोष्टींवर अवलंबून असतो, फट किती मोठी आणि रीड किती ताठ. म्हणून फट लहान असेल, तर ताठ रीड लागते आणि फट मोठी असेल, तर मऊ. दोन्हीकडून आपण तोंडाला सोसेल अशा त्याच दाबाशी येऊन पोहोचतो. “मी साडेतीनची रीड वापरतो” असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्याला माउथपीसचे माप सांगितल्याशिवाय काहीही अर्थ नाही. अरुंद माउथपीसवरची साडेतीन ही उघड्या माउथपीसवरच्या अडीचपेक्षा सोपी असू शकते. रीडच्या नंबरला शाळेतल्या इयत्तेसारखे समजून दरवर्षी एक पायरी चढवणारे पालक आणि शिक्षक मी पाहिले आहेत. मुले बिचारी दात ओठांत रुतवून वाजवत असतात.

मास्तरांच्या वाटेने गेल्यावर लंबक दुसऱ्या टोकाला जाणे ओघाने आलेच. मी एम-१३ आणला आणि त्यावर साडेतीनची रीड लावली. आवाज गोल, घट्ट, सुरेल; सुराला जागेवर ठेवण्यासाठी ओठांनी काही करावेच लागत नव्हते. युरोपीय अभिजात संगीतातला एखादा लांब, शांत स्वर वाजवायचा, तर मी आजही हाच उचलीन. पण नाट्यगीताची जागा घ्यायला गेलो, तेव्हा सूर वाकेना. गंधारावरून ऋषभावर घसरत यायचे, तर बोटे अर्धी उचलूनही मध्ये पायरी राहायची. माउथपीसचा हा दोष नव्हे. सूर सरळ ठेवण्यासाठी बनवलेल्या वस्तूने सूर सरळ ठेवला, एवढेच. मला जे वाजवायचे होते, त्याला मात्र थोडी सैल जवारी हवी होती.

दोन टोके पाहिल्यावर मधले काहीतरी हवे, हे कुणीही सांगेल. पण नुसत्या फटीच्या आकड्यावर मधले माप काढून चालत नाही. व्हॅन्डोरेनचेच बी-४० आणि बी-४५ घ्या; दोन्हींची फट तंतोतंत १.१९५, पण बी-४० च्या टोकाची कड अधिक रुंद आहे, आणि वाजवायला घेतले, तर हे दोन भाऊ आहेत असे वाटू नये इतका स्वभावात फरक. वळण लांब असेल, तर रीडचा अधिक भाग हलतो आणि तीच फट जरा सोपी वाटते. आतल्या पोकळीचा आकार, टोकामागचा आतला उतार, खिडकीच्या कडांची जाडी या सगळ्यांचा हात असतो. त्यामुळे तक्ता पाहून यादी लहान करावी. निवड तक्त्यावर करू नये.

माझ्या बाबतीत खरा तिढा फटीपेक्षा चोचीत होता, आणि तो सुटायला वर्ष लागले. वरचे दात चोचीवर टेकतात आणि खालचा ओठ रीडवर. दात लांब झाले, कोन बदलला, तशी चोच तोंडात थोडी वेगळ्या तऱ्हेने बसू लागली आणि खालचा ओठ नकळत टोकाकडे सरकला. ओठ नेमका कुठे असावा, याची एक सोपी परीक्षा आहे. रीड लावलेल्या माउथपीसच्या टोकाकडून एक पातळ कागदाची पट्टी रीड आणि कडा यांच्यामध्ये हलकेच सरकवायची. जिथे ती अडते, तिथून रीड माउथपीसला सोडते. त्या जागी रीडच्या कडेला पेन्सिलीने बारीक खूण करायची. खालचा ओठ साधारण त्या खुणेशी यायला हवा. त्यापेक्षा टोकाकडे राहिला, तर आवाज कोंडतो, फार आत गेला, तर चिरकतो. मी खूण केली, आरशासमोर उभा राहिलो आणि पाहिले, तर माझा ओठ खुणेपासून जवळजवळ चार मिलिमीटर टोकाकडे होता. आत घ्यायला गेलो, की जबडा इतका उघडावा लागे, की ओठांच्या कडांतून वारा निसटे. जुन्या माउथपीसची चोच जाड आणि उंच होती. जुन्या दातांना ती चालत होती, नव्यांना नाही.

चोचीचा कोन कमी केलेले माउथपीस मिळतात. व्हॅन्डोरेन त्याला प्रोफाइल ८८ म्हणते. चोच अशी उतरती असली, की तेवढाच माउथपीस आत घ्यायला तोंड कमी उघडावे लागते. ज्यांचा खालचा जबडा थोडा मागे आहे, ज्यांचे वरचे दात पुढे आहेत, ज्यांचे ओठ पातळ आहेत किंवा ज्यांनी माझ्यासारखी डागडुजी करून घेतली आहे, त्यांनी फट पाहण्याआधी चोच पाहावी, असे मी आता सांगतो. चोचीवर चिकटवायची रबराची पातळ चकती हाही एक उपाय आहे. कॅपच्या दातांतून जाणारा कंप मला डोक्यात किणकिणल्यासारखा जाणवे, तो चकतीने थांबला. मात्र चकती जाड, ०.८ मिलिमीटरची घेतली, तर तोंड पुन्हा तेवढेच उघडते. मी पातळ घेतली.

तोंड बदलले, तर सगळेच बदलते, याचे मोठे उदाहरण बेनी गुडमन यांचे आहे. जगप्रसिद्ध झाल्यानंतर, वयाच्या चाळिशीत, १९४९ च्या सुमारास, ते इंग्लिश वादक रेजिनाल्ड केल यांच्याकडे शिकायला गेले आणि वरचे दात चोचीवर टेकवण्याऐवजी दोन्ही ओठ दातांवर दुमडून वाजवण्याची पद्धत त्यांनी नव्याने अंगवळणी पाडली. ज्याच्या रेकॉर्ड घराघरांत वाजत होत्या, त्याने ओठ पुन्हा बालवाडीत पाठवले. मी हे वाचले, तेव्हा माझ्या दीड वर्षाचे मला फारसे वाईट वाटेनासे झाले.

आता मधल्या काळातली एक फजिती. कमी कोनाच्या चोचीचा, मध्यम फटीचा एक माउथपीस मला एका दुकानातून टपालाने मिळाला. दिसायला सुरेख. पण रजिस्टर की दाबून मंद्राच्या षड्जावरून उडी घेतली, की चिरकायचा. इथे एक गोष्ट सांगायला हवी: बासरी किंवा सॅक्सोफोन वरच्या सप्तकात त्याच सुरावर जातात, पण क्लॅरिनेट जाते ते सप्तक ओलांडून पंचमावर. ही बारा सुरांची उडी हीच माउथपीसची खरी कसोटी. मी दोन आठवडे स्वतःला दोष दिला, मग आरेखकाचा किडा जागा झाला. ओळखीच्या गॅरेजमधून टॅपेट लावायचा फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांची जुडी, आणला, त्यातले ०.०५ मिलिमीटरचे पाते काढले. आलेखाचा कागद जाड काचेखाली ठेवला, माउथपीसची सपाट पाठ काचेवर दाबून धरली, टोक एका रेषेला लावले आणि पाते टोकाकडून आत सरकवले. डाव्या कडेवर ते सतरा मिलिमीटरवर अडले, उजव्या कडेवर पंधरावर. तीनदा मोजले, तीनदा तेच आले. दोन्ही कडांचे वळण सारखे नव्हते. रीड एका बाजूने आधी सुटत होती आणि दुसऱ्या बाजूने उशिरा. थोडाफार फरक चालतो, काही निष्णात कारागीर तो मुद्दामही ठेवतात, पण दोन मिलिमीटर फार झाले. दुकानाने परत घ्यायला नकार दिला, तो माझ्या हिशेबी शिक्षणखर्चात गेला.

तेव्हापासून कोणताही माउथपीस हातात आला, की पहिल्यांदा एक साधी परीक्षा घेतो. रीड नीट ओली करून लावायची, बॅरलकडचे (माउथपीस ज्या आखूड नळीत बसतो, तिच्याकडचे) भोक तळहाताने घट्ट बंद करायचे, तोंडाने आतली हवा ओढून घ्यायची आणि माउथपीस ओठांपासून दूर करायचा. रीड दोन-तीन सेकंद तशीच चिकटून राहिली आणि मग ‘टप्’ असा आवाज करून सुटली, तर पाठ सपाट आहे आणि रीड कडांवर नीट बसते आहे. लगेच सुटली, तर कुठेतरी वारा जातो आहे. दुसरी रीड लावून पाहावे, आणि दोन-तीन रीडनी तेच झाले, तर दुकानदाराला नमस्कार करावा. एकाच नावाचे दोन नगही तंतोतंत सारखे नसतात, म्हणून शक्य असेल, तिथे एकाच मॉडेलचे दोन-तीन नग समोर मांडून घ्यावेत.

पेटीबरोबर वाजवणाऱ्यांसाठी आणखी एक बाब, जी मला कुणी सांगितली नव्हती. युरोपात बऱ्याच ऑर्केस्ट्रांचा सूर ४४२ ला (म्हणजे ‘ए’ या सुराची सेकंदाला ४४२ कंपने) धरलेला असतो आणि व्हॅन्डोरेनचे नेहमीचे माउथपीस त्याला धरून केलेले असतात. त्यांची १३ सिरीज मात्र ४४० साठी आहे. आमची पेटी ४४० ची. ४४२ चा माउथपीस लावला, की वाद्य किंचित चढे, मग बॅरल मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर ओढायचे. पण बॅरल ओढल्याने सगळे सूर सारखे उतरत नाहीत. नळी जिथे आखूड असते, त्या गळ्याच्या सुरांवर त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. म्हणजे षड्ज जुळवला, तर त्याच्या वरचे दोन-तीन सूर ढिले पडायचे. मे महिन्यात तर आणखी पंचाईत, कारण हवा तापली, की फुंकवाद्याचा सूर चढतो आणि पेटी आपल्या जागी बसून राहते. ४४० चा माउथपीस घेतल्यापासून बॅरल जवळजवळ पूर्ण आत असते.

याचा पडताळा घरी घेता येतो. माउथपीस आणि बॅरल एवढेच जोडून, नेहमीच्या ताकदीने फुंकले, तर पेटीवरची काळी तीन मिळायला हवी. सूर त्याच्या खाली येत असेल, तर ओठांची पकड सैल आहे किंवा रीड फार मऊ आहे. वर जात असेल, तर चावले जात आहे. उघड्या माउथपीसवर माझा सूर दर दहा मिनिटांनी खाली येई, अरुंदवर तो हलत नसे. वहीत मी हाच एक आकडा रोज सुरुवातीला आणि शेवटी लिहून ठेवला आणि ओठ किती थकतात, याचे याहून प्रामाणिक माप मला सापडले नाही.

ज्यांच्याकडे जुनी इंग्रजी वाद्ये आहेत, त्यांनी मात्र वरचे सगळे वाचून लगेच फ्रेंच माउथपीस मागवू नये. बूझी अँड हॉक्सचे १०१० हे मॉडेल त्याच्या रुंद नळीसाठी ओळखले जाते. तिचा व्यास १५ मिलिमीटरहून थोडा जास्त, तर बुफे कंपनीच्या आर-१३ सारख्या फ्रेंच वाद्याचा १४.६५ च्या आसपास. १०१० ला आतून सरळ नळी असलेला माउथपीस लागतो. निमुळत्या नळीचा आजचा फ्रेंच माउथपीस त्यावर बसतो, वाजतो, पण सप्तकांचा मेळ बिघडतो आणि वादक बिचारा स्वतःच्या कानांवर संशय घेऊ लागतो. अशा वाद्याबरोबर आलेला मूळ माउथपीस मोडका असला, तरी फेकू नये.

धातू, काच, प्लास्टिक, लाकूड यांविषयी वाद पुष्कळ चालतात. मी एबोनाइटवरच राहिलो, कारण आकार नेमका असेल, तर पदार्थाचा फरक माझ्या कानाला फारसा ऐकू येत नाही. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. ते गरम पाण्याने धुतले किंवा उन्हात ठेवले, तर हिरवट-तपकिरी होते आणि त्याला वास सुटतो. कोमट नव्हे, गार पाण्याने धुवावे. लिगेचरचा परिणाम आहे, पण नगण्य. जर्मनीत आजही कित्येक वादक दोरीने रीड बांधतात. लिगेचरवर पैसे घालण्याआधी ते रीडच्या दुसऱ्या खोक्यावर घालावेत.

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर तीन माउथपीस होते, तिन्हींची चोच कमी कोनाची, फट १.०५ पासून १.१५ पर्यंत. माझेच वाद्य, माझेच बॅरल, माझेच लिगेचर, आणि प्रत्येकासाठी त्याच्या फटीला जुळणाऱ्या दोन-दोन रीड. माउथपीस पारखताना स्वतःच्या कानावर विसंबण्यात एक अडचण असते. दात आणि कवटीतून येणारा आवाज आपल्यालाच ऐकू येतो, समोरच्याला नाही. म्हणून मी सौ.ला बाहेरच्या खोलीत बसवले, दार लोटले आणि कोणता लावला हे न सांगता एकच चीज तिन्हींवर वाजवली. मला तिसरा सर्वांत भरदार वाटत होता. बाहेरून आवाज आला, “अहो, दुसरा होता तो लावा परत. तिसऱ्यात तुम्ही दमलेले ऐकू येताय.”

दुसरा होता ५आरव्ही लायर, १३ सिरीजचा, तीन नंबरच्या रीडवर. पहिल्या पाच मिनिटांत तो तिघांत सर्वांत साधा वाटला होता, मी तर वहीत त्याच्यापुढे “ठीक” एवढेच लिहिले होते. त्यावर मींड उघड्या माउथपीसइतकी लांब जात नाही आणि सूर एम-१३ इतका आपोआप जागेवर राहत नाही. पण तास उलटल्यावरही माउथपीस आणि बॅरलवरची काळी तीन सुरुवातीला होती तिथेच होती, आणि मंद्रावरून पंचमावरची उडी पन्नासाव्या वेळीही न चिरकता बसली. बाकीचे दोन मी परत केले. या वेळच्या दुकानदाराने ते विनातक्रार घेतले.

तरीही तीन आठवडे मी कोणाशी काही बोललो नाही, कारण नव्याचे नऊ दिवस संपायची वाट पाहायची होती. मास्तरांकडे नेला, तेव्हा त्यांनी दोन ओळी वाजवल्या, वरची हरकत त्यांच्या मनासारखी उठली नाही, आणि “आमच्यासाठी गुदमरतो हा” असे म्हणून त्यांनी तो रुमालाने पुसून परत दिला.

वहीतली शेवटची नोंद एका एकादशीच्या रात्रीची आहे. “भजन दोन तास दहा मिनिटे. रीड तीच. काळी तीन: आधी बरोबर, नंतर केसभर खाली. ओठ ठीक. तार षड्ज स्वच्छ. चिरकले एकदा, भैरवीत, पण तेव्हा मला शिंक येत होती.”